परार्ध आणि एक ओळ

३४,०२,८२,३६,६९,२०,९३,८४,६३,४६,३३,७४,६०,७४,३१,७६,८२,११,४५६.

हा एकोणचाळीस अंकी आकडा म्हणजे दोनाचा १२८ वा घात. बँकेच्या संकेतस्थळाशी जोडणी होते तेव्हा आपला ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर आपापसात एक गुप्त किल्ली ठरवतात. ती १२८ बिटांची असेल, तर वरच्या आकड्याइतक्या शक्यतांपैकी ती कोणती तरी एक असते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली संख्यास्थानांची यादी परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी थांबते. परार्धाला परार्धाने गुणून आलेल्या उत्तराची चौतीस हजार पट केली, की आपण या संख्येच्या आसपास पोहोचतो.

समजा शंभर कोटी संगणक एकाच वेळी ही किल्ली शोधायला बसवले आणि त्यातला प्रत्येक जण सेकंदाला शंभर कोटी किल्ल्या लावून पाहतो आहे. सगळ्या शक्यता संपायला सुमारे दहा लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे धरले जाते, म्हणजे त्याच्या ७८० पट. निम्म्या वाटेवर किल्ली सापडली असे धरले तरी हिशेबात फारसा फरक पडत नाही.

आता दुसरा आकडा: ३२,७६८. सप्टेंबर २००६ ते मे २००८ या सुमारे वीस महिन्यांत डेबियन लिनक्सवर, आणि त्याच्यावर बेतलेल्या उबंटूसारख्या प्रणालींवर, ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या कोडच्या मदतीने ज्या किल्ल्या तयार झाल्या, त्यांत एका धाटणीच्या यंत्रावर एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या वेगवेगळ्या किल्ल्या फार तर इतक्याच होत्या. सेकंदाला एक अशा संथ गतीने तपासल्या तरी नऊ तास सहा मिनिटांत काम आटोपते. जे रात्री झोपताना सुरू करायचे ते सकाळच्या न्याहारीपर्यंत संपते.

परार्धांच्या राशीवरून हे गणित एवढ्यावर आले ते दोन ओळींमुळे. ओपनएसएसएल यादृच्छिक आकडे तयार करण्यासाठी अनेक ठिकाणांहून कच्चा माल गोळा करत असे आणि त्यात न भरलेल्या मेमरीचा तुकडाही मिसळत असे. मेमरीतल्या चुका शोधणारे व्हॅलग्रिंड हे साधन त्याबद्दल इशारे देई. ते इशारे बंद व्हावेत म्हणून डेबियनच्या पॅकेजमध्ये दोन ओळी निकामी केल्या गेल्या. त्यांतल्या एकीला हात लावायला हरकत नव्हती. दुसरी मात्र सगळा कच्चा माल आत घेणारी होती. ती गेल्यावर बीज म्हणून उरला फक्त प्रक्रियेचा क्रमांक, आणि तो त्या काळच्या लिनक्सवर ३२,७६८ च्या पुढे जात नसे. लुसियानो बेलो या डेबियनच्याच विकासकाला हे आढळले आणि १३ मे २००८ ला जाहीर झाले. तोपर्यंत वीस महिने सगळे सुरळीत चाललेले दिसत होते. किल्ल्या बनत होत्या, कुलुपे लागत होती, कुठेही तक्रार येत नव्हती. २०१५ मध्ये एका अभ्यासकाने गिटहबवरच्या १३ लाखांहून अधिक सार्वजनिक एसएसएच किल्ल्या गोळा करून तपासल्या, तेव्हा त्यांतही या जुन्या, मोजक्या किल्ल्यांपैकी काही सापडल्या. दोष दुरुस्त होऊन सात वर्षे झाली होती.

संगणक सुरक्षेबद्दलच्या बातम्यांत पहिल्या प्रकारचे आकडे भरपूर येतात. इतक्या बिटांची किल्ली, तोडायला इतकी कोटी वर्षे, असे वाचून आपण निश्चिंत होतो. ते गणित खरे आहे आणि त्यामागची बुद्धी थक्क करणारी आहे. पण त्या गणिताला रोजच्या वापरात आणतो तो कोड. तो कोणीतरी लिहिलेला असतो, कोणीतरी सांभाळत असतो, आणि माझ्या मते या विषयातले सर्वांत विलक्षण आकडे त्या सांभाळण्याच्या कामात सापडतात.

ओपनएसएसएलचेच घ्या. एरिक यंग आणि टिम हडसन यांनी १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या एसएसएलइए या कोडमधून डिसेंबर १९९८ मध्ये ओपनएसएसएल उभे राहिले. वेबचे पत्ते ज्या ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतात, त्यातली कूटलेखनाची बाजू जगातल्या असंख्य सर्व्हरांवर हाच कोड सांभाळतो. तो खुला आहे; कुणीही वाचावा, कुणीही बदल सुचवावा, कुणीही फुकट वापरावा. २०१४ च्या सुमारास त्याच्या जवळपास पाच लाख ओळी होत्या. एका ओळीवर नजर फिरवायला पाच सेकंद धरले आणि रोज आठ तास, एकही सुटी न घेता, दुसरे काही न करता बसले, तर नुसते वाचून काढायला ८७ दिवस लागतात. समजून घ्यायला किती, ते सांगणे कठीण, कारण यात एका कोपऱ्यात केलेला बदल भलत्याच कोपऱ्यात जाऊन परिणाम करतो. डेबियनच्या त्या ओळीने ते दाखवलेच होते.

या पाच लाख ओळींवर पूर्णवेळ काम करणारा माणूस तेव्हा एक होता. ब्रिटनमधले स्टीफन हेन्सन. बाकीचे आपापल्या नोकऱ्या सांभाळून उरलेल्या वेळात हातभार लावत. ओपनएसएसएल फाउंडेशनचे स्टीव्ह मार्केस यांनी त्या वर्षी जमाखर्चाची स्थिती उघडपणे मांडली. देणगी म्हणून वर्षाला साधारण दोन हजार डॉलर येत. तेव्हाच्या दराने सव्वा लाख रुपयांच्या आत, महिन्याला दहाएक हजार. संस्था चालत होती ती कंपन्यांसाठी केलेल्या सल्ल्याच्या आणि जोडकामाच्या पैशांवर, आणि तेही सगळे मिळून कोणत्याही वर्षी दहा लाख डॉलरच्या वर गेले नव्हते.

हा तपशील जगापुढे आला तो हार्टब्लीडमुळे.

‘एचटीटीपीएस’मागची टीएलएस ही कूटबद्ध जोडणी जिवंत आहे की नाही हे तपासण्यासाठी ‘हार्टबीट’ नावाची एक सोय ओपनएसएसएलमध्ये घालण्यात आली. जर्मनीतल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने लिहिलेला तो कोड ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री मुख्य साठ्यात दाखल झाला. त्याची पद्धत साधी होती. एका बाजूने थोडा मजकूर पाठवायचा, सोबत त्याची लांबी सांगायची. दुसऱ्या बाजूने तोच मजकूर तितक्याच लांबीचा परत करायचा. लांबी सांगायला दोन बाइटांची जागा होती, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेला मजकूर यांचा मेळ बसतो का, हे तपासणे राहून गेले. त्यामुळे कोणी एक अक्षर पाठवून लांबी ६५ हजार सांगितली, तर सर्व्हर ते एक अक्षर आणि त्याला लागून मेमरीत जे काही पडले असेल ते, असे मिळून ६४ किलोबाइट निमूटपणे देऊन टाकी. त्यात कुणाचा पासवर्ड असे, कुणाचे पत्र असे, कधी खुद्द सर्व्हरची खासगी किल्ली. आणि सर्व्हरच्या नोंदवहीत याची खूण उमटत नसे.

तो कोड असलेली १.०.१ आवृत्ती १४ मार्च २०१२ ला बाहेर पडली. दोष हार्टब्लीड या नावाने जाहीर झाला ७ एप्रिल २०१४ ला. मध्ये ७५४ दिवस गेले. गुगलचे नील मेहता आणि फिनलंडमधली कोडेनोमिकॉन ही कंपनी या दोघांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. त्या वेळी नेटक्राफ्टने केलेल्या मोजणीत विश्वासार्ह प्रमाणपत्र असलेल्या सुमारे पाच लाख संकेतस्थळांवर हा दोष होता, म्हणजे अशा सर्व संकेतस्थळांच्या साडेसतरा टक्के. कॅनडाच्या कर खात्यातून सहा तासांच्या अवधीत ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले.

या मार्गाने खासगी किल्ली खरोखर मिळू शकते का, अशी शंका सुरुवातीला होती. क्लाउडफ्लेअर या कंपनीने ११ एप्रिलला मुद्दाम एक दोषयुक्त सर्व्हर उभा करून जगाला आव्हान दिले. त्याच दिवशी किल्ली निघाली. पहिल्या यशस्वी माणसाने सुमारे २५ लाख विनंत्या पाठवल्या होत्या. प्रत्येक उत्तर पुरे ६४ किलोबाइटचे धरले तर सर्व्हरने १६० गिगाबाइटहून जास्त मेमरी त्याच्या ओंजळीत घातली. दुसऱ्याला तेच काम लाखभर विनंत्यांत जमले. मग किल्ल्या बदलण्याची धांदल उडाली. क्लाउडफ्लेअरने आपली प्रमाणपत्रे एकगठ्ठा रद्द केल्यावर, ती प्रमाणपत्रे देणाऱ्या ग्लोबलसाइनची रद्द प्रमाणपत्रांची यादी २२ किलोबाइटवरून साडेचार मेगाबाइटच्या वर गेली. काही ब्राउझर तेव्हा ही यादी उतरवून घेत, त्यामुळे नुसत्या यादीच्या वाहतुकीचा खर्च काही लाख डॉलरच्या घरात जाईल असा अंदाज तेव्हा मांडला गेला.

आणि दुरुस्ती? आलेल्या मजकुराची लांबी मोजून पाहा, सांगितलेल्या लांबीपेक्षा कमी असेल तर काही उत्तर देऊ नका. मूठभर ओळी.

त्या आठवड्यात लोकांनी फाउंडेशनला पाच-पाच, दहा-दहा डॉलर पाठवले. ते सगळे मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले. मला या छोट्या रकमांचे मोल वाटते. ज्या कंपन्यांचा सगळा व्यापार या कोडवर चालत होता, त्यांच्या आधी सामान्य माणसांनी खिशात हात घातला. कंपन्या दोन आठवड्यांनी आल्या. लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने गुगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन, आयबीएम, इंटेल आणि आणखी काहींनी प्रत्येकी वर्षाला एक लाख डॉलर, तीन वर्षे देण्याचे कबूल केले. यांतल्या काही कंपन्या एक लाख डॉलर मिनिटाभराच्या आत कमावत होत्या. पण ओपनएसएसएलसाठी हा पैसा म्हणजे पुनर्जन्म होता, कारण त्यातून पूर्णवेळ माणसे नेमता आली.

पैशांची ही चर्चा चालू असताना कॅनडातल्या कॅल्गरीशी नाते असलेला एक वेगळा गट नुसता कोड उघडून बसला. थिओ डी राट यांची ओपनबीएसडी ही प्रणाली बनवणारी मंडळी. हीच मंडळी ओपनएसएसएचही लिहितात, ज्याच्यातून जगभरचे सर्व्हर दुरून चालवले जातात. तीन महिन्यांपूर्वीच, जानेवारी २०१४ मध्ये, त्यांच्यापुढे सर्व्हरांच्या वीजबिलाचे वीस हजार डॉलर कुठून आणायचे हा प्रश्न उभा होता. त्या संकटातून नुकत्याच सुटलेल्या या माणसांनी ओपनएसएसएलची प्रत घेतली आणि साफसफाई आरंभली. या शाखेला पुढे लिब्रेएसएसएल नाव मिळाले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी ९० हजारांहून अधिक ओळी काढून टाकल्या. दिवस-रात्र धरले तर दर पावणेसात सेकंदांना एक ओळ. काय निघाले त्यात? व्हीएमएस या जुन्या प्रणालीसाठीचा कोड. १६ बिटांच्या विंडोजसाठीचा कोड. मॅकच्या जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या प्रणालीसाठीचा कोड. बाइटांचा क्रम उलट असलेल्या ६४ बिटी इंटेल-धाटणीच्या यंत्रासाठीची तजवीजही होती, आणि असे यंत्र कुणी बनवलेलेच नाही. शिवाय मेमरी वाटून देण्याची ओपनएसएसएलची स्वतःची व्यवस्था होती. कधी काळी काही प्रणालींवर मेमरी मागणे संथ होते म्हणून ती लिहिली गेली, आणि ते कारण संपल्यावरही तशीच राहिली. तिच्यामुळे ओपनबीएसडीने मोठ्या कष्टाने बांधलेले मेमरीचे संरक्षक उपाय निष्प्रभ ठरत, कारण वापरून झालेली मेमरी प्रणालीकडे परत जातच नसे. कोड तिच्याविना चालवून पाहिला, तेव्हा तिच्या आडोशाला दबलेले दुसरे दोषही वर आले.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथानंतरच्या सुमारे तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून पाठ बदलले होते, भर पडली होती. नाथांनी प्रती ताडून पाठ निश्चित केला आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. लिब्रेएसएसएलच्या कामाकडे पाहताना मला पाठशुद्धीची हीच परंपरा आठवते: नवे लिहिण्याची ऐपत असलेल्या माणसांनी जुन्यातले खरे-खोटे निवडण्यात आपले दिवस घालणे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. या मंडळींनी एका आठवड्यात त्याच्या दहापट ओळी बाहेर काढल्या. लिब्रेएसएसएलची पहिली आवृत्ती ११ जुलै २०१४ ला निघाली.

ओपनएसएसएलही बदलले. ३.० ही आवृत्ती ७ सप्टेंबर २०२१ ला आली, ती तीन वर्षांचे काम, १७ अल्फा आणि २ बीटा आवृत्त्या, साडेसात हजारांहून अधिक कमिट आणि साडेतीनशेहून अधिक लेखक एवढ्या खटाटोपानंतर. तीन वर्षे, सुटीचा एकही दिवस न वगळता, रोज जवळजवळ सात बदल. आणि प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी वाचून मंजूर केलेला. मला यातला सर्वांत सुखावणारा आकडा वेगळाच वाटतो: दस्तऐवजांत ९४ टक्के आणि चाचण्यांच्या कोडमध्ये ५४ टक्के वाढ झाली. ज्या प्रकल्पाकडे कधी एकच पूर्णवेळ माणूस होता, तिथे आता समजावून सांगायला आणि पुन्हा पुन्हा तपासून पाहायला सवड आहे, असा त्याचा अर्थ. त्याच सुमारास परवानाही बदलायचा होता. त्यासाठी २०१७ पासून जवळजवळ चारशे जुन्या-नव्या लेखकांना पत्रे गेली. त्यांचे मिळून ३१ हजारांहून अधिक कमिट होते. वीस-वीस वर्षांपूर्वी चार ओळी देऊन गेलेल्या माणसाचा पत्ता शोधायचा आणि त्याची संमती मागायची, हेही देखभालीचे काम. त्याची बातमी कधी होत नाही.

कोड माणसांनी वाचणे पुरत नाही हे हार्टब्लीडने शिकवले होते. डिसेंबर २०१६ मध्ये गुगलने खुल्या प्रकल्पांसाठी ओएसएस-फझ ही सेवा सुरू केली. ती आज्ञावलीला वेडावाकडा, तोडलेला, फुगवलेला मजकूर अखंड भरवत राहते आणि तो कुठे अडखळतो ते पाहते. मे २०२५ पर्यंत हजार प्रकल्पांत तिला १३ हजारांहून अधिक सुरक्षादोष आणि ५० हजार इतर बग सापडले. इतके झाल्यावर ओपनएसएसएल धुऊन-पुसून लख्ख झाले असेल असे वाटेल. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यात जाहीर झालेला एक दोष, जो तपासणीचा कोड कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतल्यावर सापडला, तो सुमारे दोन दशके तिथे असावा असे शोधणाऱ्यांचे म्हणणे आहे. गांभीर्याने तो किरकोळ होता, फारसा न वापरला जाणारा कोपरा होता. तरी हार्टब्लीडनंतरची दहा वर्षे जगातले सर्वांत तीक्ष्ण डोळे याच कोडवर खिळलेले होते आणि त्यांच्या नजरेतून तो सुटला होता.

म्हणून काहींनी मुळातच कमी लिहायचे ठरवले. जेसन डोनेनफेल्ड यांचे वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर ४,००० ओळींच्या आत बसवलेले होते. मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत सामील झाले. आपल्या पाच सेकंदांच्या हिशेबाने ते साडेपाच तासांत वाचून होते. निवडीची मुभा नाही, कूटलेखनाची एकच ठरलेली पद्धत, म्हणून एवढे लहान.

पण लहान असो वा मोठा, स्वच्छ ठेवलेला कोडही हाताबाहेर जाऊ शकतो, आणि याचे उदाहरण ओपनएसएसएचचेच आहे. डिसेंबर १९९९ पासून ओपनबीएसडीची मंडळी त्याला जपत आहेत आणि या क्षेत्रात त्यांच्याइतका दक्ष म्हणून लौकिक क्वचितच कुणाचा असेल. १ जुलै २०२४ ला क्वालिसच्या संशोधकांनी त्यात एक गंभीर दोष जाहीर केला. पुण्यात मोठे केंद्र असल्यामुळे ही कंपनी मराठी संगणक अभियंत्यांना ओळखीची आहे. लॉगिनसाठी आलेल्या माणसाला सर्व्हर १२० सेकंद देतो. ती मुदत संपण्याच्या नेमक्या क्षणी विशिष्ट प्रकारे धक्का दिला, तर लिनक्सवर थेट सर्वाधिकार हाती येऊ शकतात, असा तो दोष. इंटरनेटवर त्याच्या तडाख्यात येऊ शकतील असे १ कोटी ४० लाखांहून अधिक सर्व्हर मोजले गेले.

मला खिळवून ठेवते ती त्या दोषाची वंशावळ. तो २००६ मध्ये सापडला होता. तेव्हा दुरुस्त झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदी लिहिण्याच्या कोडची फेरमांडणी करताना, त्या दुरुस्तीतली एक ओळ चुकून गळाली. अठरा वर्षांपूर्वीचा रोग चौदाव्या वर्षी परत आला आणि पुढची जवळजवळ चार वर्षे कुणाच्या लक्षात आला नाही. ती ओळ तिथे का आहे हे ओरडून सांगणारी एखादी चाचणी असती तर ती गळाली त्याच दिवशी कळले असते. पण सेकंदाच्या सूक्ष्म भागात घडणाऱ्या शर्यतीची चाचणी लिहिणे फार अवघड असते. क्वालिसलाही प्रयोगशाळेत, ३२ बिटांच्या लिनक्सवर, ही शर्यत जिंकायला सरासरी दहा हजार प्रयत्न लागले. १२० सेकंदांत शंभर जोडण्या या दराने तीन-चार तास. मेमरीतल्या पत्त्याचा अंदाज निम्म्या वेळा चुकतो, म्हणून प्रत्यक्षात सहा ते आठ.

दुरुस्ती घेऊन आलेल्या ९.८ आवृत्तीत ओपनएसएसएचने गळालेल्या ओळीच्या पलीकडे जाऊन एक गोष्ट केली. एकाच पत्त्यावरून पुन्हा पुन्हा अर्धवट किंवा फसलेले लॉगिन आले, तर त्या पत्त्याला काही काळ दारच न उघडण्याची सोय त्यात आहे. दहा हजार प्रयत्नांवर उभा असलेला हल्ला असेल, तर शत्रूला दहा हजार प्रयत्न करूच द्यायचे नाहीत. उद्या अशीच आणखी एखादी ओळ गळेल हे गृहीत धरून केलेली ही बांधणी आहे, आणि तिच्यात मला या मंडळींचे खरे शहाणपण दिसते.

त्याच वर्षी, तीन महिने आधी, ओपनएसएसएचवरच दुसरा घाला आला होता, आणि तो चुकून झालेला नव्हता. एक्सझेड ही फाइली आवळून लहान करणारी लायब्ररी. तिचा सांभाळ फिनलंडचे लासे कोलिन एकटे, विनामोबदला, हौसेने करत. ओपनएसएसएचला स्वतःला या लायब्ररीची गरज नसते. पण काही लिनक्स वितरणांनी सोयीसाठी केलेल्या जोडणीतून ती आडमार्गाने त्याच्या पोटात शिरते. २०२१ च्या अखेरीपासून ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी एक्सझेडला चांगले पॅच पाठवू लागले. दुसऱ्या काही नावांनी कोलिन यांच्यामागे तगादा लागला, काम संथ चालले आहे, आणखी कुणाला तरी हक्क द्या. आपल्या मनःस्वास्थ्याच्या तक्रारी आहेत आणि हे बिनपगारी काम आहे, असे कोलिन यांनी तेव्हा सांगितलेही होते. अखेर हक्क दिले गेले. २४ फेब्रुवारी २०२४ ला आलेल्या ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा होता, आणि तो चाचण्यांसाठी ठेवलेल्या फाइलींत दडवला होता. धीराने विणलेले दोन वर्षांहून अधिक काळाचे जाळे. एका थकलेल्या माणसाचा विश्वास संपादन करून हे केले गेले, याचा मला आजही संताप येतो.

हे जाळे फाटले ते अर्ध्या सेकंदामुळे. पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक आणि मायक्रोसॉफ्टमधले अभियंता आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर वेगाची मोजमापे घेत होते. एसएसएचचे लॉगिन ०.२९९ सेकंदांऐवजी ०.८०७ सेकंद घेते आहे, हे त्यांना खटकले. फरक ५०८ मिलिसेकंदांचा. काही आठवड्यांपूर्वी एका चाचणीत व्हॅलग्रिंडने दिलेला चमत्कारिक इशाराही त्यांना आठवला. ते खणत गेले आणि २९ मार्चला त्यांनी जगाला सावध केले. तेव्हा ती आवृत्ती येऊन पाच आठवडेच झाले होते आणि मुख्य, स्थिर वितरणांत ती पोहोचायची होती. २००६ मध्ये व्हॅलग्रिंडचा इशारा नकोसा झाला म्हणून तो गप्प केला गेला आणि परार्धांच्या जागी ३२,७६८ उरले. २०२४ मध्ये त्याच साधनाचा इशारा एका माणसाने मनात जपून ठेवला होता.

सध्या ओपनएसएसएल, ओपनएसएसएच यांसारख्या प्रकल्पांत जे काम चालू आहे ते उद्याच्या क्वांटम संगणकांसाठीचे. किल्ली ठरवण्याची आजवरची प्रचलित पद्धत ३२ बाइटांच्या सार्वजनिक किल्लीवर चालते. क्वांटम संगणकापुढे ती टिकणार नाही, म्हणून तिच्या जोडीला जी नवी पद्धत येते आहे तिची किल्ली १,१८४ बाइटांची आहे, म्हणजे ३७ पट. ओपनएसएसएचने एप्रिल २०२२ मध्येच अशा जोड पद्धतीला मुख्य स्थान दिले, आणि ओपनएसएसएलची ३.५ ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये नव्या पद्धती घेऊन आली. अडचण अशी, की इंटरनेटवरून जाणारे पाकीट साधारण १,५०० बाइटांचे असते. ३२ बाइटांच्या काळात जोडणीचा पहिला निरोप एका पाकिटात मावे. आता तो अनेकदा दोनांत जातो. वाटेतल्या काही जुन्या उपकरणांचे कोड हा निरोप एकाच पाकिटात येतो असे धरून लिहिलेले आहेत, आणि ती उपकरणे जोडणी तोडून टाकतात. असे कोड एकेक करून शोधावे लागत आहेत. ३.५ आवृत्तीला दुरुस्त्या पुरवत राहण्याची मुदत ओपनएसएसएलने एप्रिल २०३० पर्यंत जाहीर केली आहे.